डिरेक्टरी सर्व्हरचा स्कीमा पायथनमधून कसा वाचावा: नवख्यांसाठी मार्गदर्शन

एलडॅप सर्व्हरमध्ये, म्हणजे माणसं, ग्रुप, खाती यांच्या नोंदी ठेवणाऱ्या डिरेक्टरी सर्व्हरमध्ये, स्क्रिप्टने माहिती भरायला घेतली की एक चूक हमखास समोर येते: क्रमांक ६५, ऑब्जेक्टक्लास व्हायोलेशन. सर्व्हर एंट्री (एक नोंद) नाकारतो आणि नवखा माणूस एकेक अ‍ॅट्रिब्यूट (नोंदीतला रकाना) घालून-काढून बघत बसतो. त्याची काहीच गरज नसते. एंट्रीत काय असलंच पाहिजे, काय असू शकतं, कुठे आकडाच हवा, कुठे एकच व्हॅल्यू चालते, हे सगळं सर्व्हरने स्वतःच लिहून ठेवलेलं असतं आणि विचारलं तर तो ते सांगतो. या नियमांचा संच म्हणजे स्कीमा. तो पायथनमध्ये आणायचा आणि त्याला नेमके प्रश्न विचारायचे, एवढंच इथे करायचं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. स्कीमातलं पूर्ण उत्तर एका ओळीत क्वचितच सापडतं. क्लासचे नियम त्याच्या वरच्या क्लासकडून वारशाने येतात, अ‍ॅट्रिब्यूटचे वरच्या अ‍ॅट्रिब्यूटकडून. वर चढून न बघता काढलेलं उत्तर बहुतेक वेळा अपुरं असतं, आणि नवख्यांच्या बहुतेक अडचणींचं मूळ तिथेच असतं.

खाली फंक्शन आणि फील्डची नावं देवनागरीत दिली आहेत. प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत, अंडरस्कोर जिथे आहे तिथे ठेवून लिहायची.

स्कीमात असतं काय

चार प्रकारच्या व्याख्या ओळखता आल्या तरी काम भागतं. ऑब्जेक्टक्लास सांगतो की अमुक प्रकारच्या एंट्रीत कोणती अ‍ॅट्रिब्यूट्स अनिवार्य आहेत आणि कोणती ऐच्छिक. अ‍ॅट्रिब्यूट टाइप त्या प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचं वर्णन करतो. सिंटॅक्स म्हणजे व्हॅल्यूचा साचा: मजकूर, पूर्णांक, दुसऱ्या एंट्रीचं नाव वगैरे. आणि मॅचिंग रूल म्हणजे दोन व्हॅल्यू सारख्या केव्हा मानायच्या, कोणती मोठी, तुकड्यावरून शोध कसा घ्यायचा याचे नियम. याशिवाय डीआयटी कंटेंट रूल, नेम फॉर्म असे आणखी काही प्रकार आहेत, त्यातल्या पहिल्याची गाठ शेवटी पडेल.

प्रत्येक व्याख्येला ओआयडी नावाचा ठिपक्यांनी जोडलेला क्रमांक असतो. पर्सन या क्लासचा २.५.६.६, सीएन या अ‍ॅट्रिब्यूटचा २.५.४.३. नावं एकापेक्षा जास्त असू शकतात. सीएन आणि कॉमननेम हे एकच अ‍ॅट्रिब्यूट आहे. क्रमांक मात्र एकच. हे पुढे कामी येणार आहे.

लायब्ररी निवडताना

पायथनसाठी दोन लायब्रऱ्या प्रचलित आहेत. पायथन-एलडॅप ही ओपनएलडॅपच्या सी लायब्ररीवर बसवलेली आहे. तिच्यात स्कीमासाठी वेगळं मॉड्यूल आहे आणि वारसा उलगडणारी फंक्शन्सही तयार मिळतात. पण ती बसवताना कंपायलर आणि हेडर फाइल्स लागू शकतात. एलडॅप३ ही पूर्णपणे पायथनमध्ये लिहिलेली आहे, पिपने एका ओळीत बसते. शिकण्यासाठी माझी पसंती एलडॅप३ला आहे, कारण तिच्यात वारसा आपला आपल्यालाच उलगडावा लागतो आणि एकदा तो हाताने उलगडला की डोक्यात बसतो. पर्ल वापरणाऱ्यांना नेट-एलडॅपच्या स्कीमा मॉड्यूलमध्ये मस्ट आणि मे ही फंक्शन्स तयार मिळतात, आणि ती वरच्या क्लासांची अ‍ॅट्रिब्यूट्सही धरूनच उत्तर देतात.

सरावासाठी स्वतःच्या संगणकावर किंवा कंटेनरमध्ये ओपनएलडॅप चालवा. स्कीमा नुसता वाचल्याने सर्व्हरला काही होत नाही, पण पुढे एंट्री भरून बघायच्या आहेत आणि ते चालू कामाच्या सर्व्हरवर करू नये.

पायरी १: स्कीमा कुठे आहे ते विचारा

एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक सर्व्हरला एक मुळाची एंट्री असते, रूट डीएसई. तिचं नाव रिकामं असतं. शोधाचा आधार रिकामी स्ट्रिंग, व्याप्ती बेस (म्हणजे फक्त तीच एक एंट्री), आणि मागायचं अ‍ॅट्रिब्यूट सबस्कीमासबएंट्री. हे ऑपरेशनल अ‍ॅट्रिब्यूट आहे, म्हणजे नाव घेऊन मागितल्याशिवाय मिळत नाही. नुसती एंट्री मागवली आणि ते दिसलं नाही, तर सर्व्हरमध्ये स्कीमा नाही असा निष्कर्ष काढू नका.

उत्तरात एक नाव येतं. ओपनएलडॅपमध्ये ते सीएन=सबस्कीमा असतं, ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये सीएन=स्कीमा. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत सीएन=अ‍ॅग्रिगेटने सुरू होणारं आणि कॉन्फिगरेशन विभागात जाणारं लांबलचक नाव मिळतं. म्हणूनच ते स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नये, दर वेळी विचारावं.

आता त्या नावाच्या एंट्रीवर दुसरा शोध घ्यायचा. २००६च्या आरएफसी ४५१२मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) त्याची रीत नेमून दिलेली आहे: व्याप्ती बेसच, फिल्टर (शोधाची अट) ऑब्जेक्टक्लास=सबस्कीमा, आणि हवी ती अ‍ॅट्रिब्यूट्स नावानिशी, म्हणजे ऑब्जेक्टक्लासेस, अ‍ॅट्रिब्यूटटाइप्स, मॅचिंगरूल्स, एलडॅपसिंटॅक्सेस. हीसुद्धा ऑपरेशनलच आहेत, तेव्हा इथेही नावं घेणं आलंच.

पायरी २: लायब्ररीकडून तो उचलून घ्या

वरचं सगळं एलडॅप३ तुमच्यासाठी करते, पण आत काय चाललंय ते माहीत असलं की अडल्यावर मार्ग सापडतो. सर्व्हर ऑब्जेक्ट बनवताना गेट_इन्फो या पॅरामीटरला ऑल ही किंमत द्या, मग कनेक्शन बनवून बाइंड करा, म्हणजे सर्व्हरला आपली ओळख द्या. बाइंड झालं की सर्व्हर.इन्फोमध्ये रूट डीएसईची माहिती येते आणि सर्व्हर.स्कीमामध्ये उलगडलेला स्कीमा.

पुढे जाण्याआधी सर्व्हर.स्कीमा नन तर नाही ना, ते तपासा. नन असेल तर बहुधा परवानगीचा प्रश्न असतो. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी नाव-पासवर्ड न देणाऱ्याला रूट डीएसई वाचू देते, पण स्कीमा सहसा वाचू देत नाही. तिथे खरं खातं वापरून बाइंड करावं लागतं, आणि पासवर्ड पाठवायचा असेल तर जोडणी टीएलएसची हवी: ६३६ पोर्ट, किंवा ३८९वर स्टार्टटीएलएस.

स्कीमा ऑब्जेक्टमध्ये ऑब्जेक्ट_क्लासेस, अ‍ॅट्रिब्यूट_टाइप्स, मॅचिंग_रूल्स आणि एलडॅप_सिंटॅक्सेस अशा डिक्शनऱ्या मिळतात. नावातली लहान-मोठी अक्षरं इथे सारखीच मानली जातात, तुमच्या स्वतःच्या कोडमध्येही तसंच ठेवा.

पायरी ३: पहिला प्रश्न, आणि पहिला चकवा

इनेटऑर्गपर्सन घ्या. माणसांच्या नोंदींसाठी सर्वाधिक वापरला जाणारा हा क्लास २०००च्या आरएफसी २७९८मध्ये आला. डिक्शनरीतून तो काढा आणि त्याचं मस्ट_कंटेन छापा.

यादी रिकामी येईल.

म्हणजे काहीच अनिवार्य नाही? तसं समजून नुसत्या मेल आणि यूआयडीवर एंट्री भरली तर सर्व्हर ६५ क्रमांक हातात देतो, आणि ओपनएलडॅप असेल तर सोबत सांगतो की या क्लासला एसएन (सरनेम, आडनाव) लागतं. ते आलं कुठून? सुपीरियर हे फील्ड बघा. इनेटऑर्गपर्सनच्या वर ऑर्गनायझेशनलपर्सन आहे, त्याच्याही मस्टमध्ये काही नाही. त्याच्या वर पर्सन. इथे सीएन आणि एसएन दोन्ही अनिवार्य. पर्सनच्या वर टॉप, त्यात ऑब्जेक्टक्लास हे अ‍ॅट्रिब्यूट अनिवार्य. तीन पायऱ्या चढल्यावर उत्तर पूर्ण झालं: सीएन, एसएन, ऑब्जेक्टक्लास.

हे चढणं एका छोट्या फंक्शनमध्ये बसवा. त्याला क्लासच्या नावांची यादी द्यायची. आत तीन संच ठेवायचे: अनिवार्य, ऐच्छिक आणि बघून झालेले क्लास. यादीतून एक नाव काढा. आधी बघितलेलं असेल तर सोडून द्या, नसेल तर त्याचं मस्ट_कंटेन पहिल्या संचात, मे_कंटेन दुसऱ्यात ओता आणि सुपीरियरमधली नावं यादीच्या शेवटी जोडा. यादी संपेपर्यंत हेच. शेवटी ऐच्छिकमधून अनिवार्य वजा करा, कारण एकच अ‍ॅट्रिब्यूट एका क्लासमध्ये ऐच्छिक आणि दुसऱ्यात अनिवार्य असू शकतं. अशा वेळी अनिवार्यच खरं. एका क्लासला एकापेक्षा जास्त वरचे क्लास असू शकतात, म्हणून सुपीरियर ही यादी आहे. ती रिकामी असेल किंवा नन असेल, दोन्ही शक्यता धरून कोड लिहा.

पायरी ४: क्लासचा प्रकार

प्रत्येक क्लासचं काइंड बघायची सवय लावून घ्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास, उदाहरणार्थ टॉप, केवळ वारशासाठी असतो. स्ट्रक्चरल क्लास एंट्री मुळात काय आहे ते ठरवतो, आणि एका एंट्रीत स्ट्रक्चरल क्लासांची एकच साखळी चालते. ऑग्झिलरी क्लास हवे तेवढे वरून जोडता येतात.

इनेटऑर्गपर्सनला पॉझिक्सअकाउंट (युनिक्स-लिनक्स लॉगिनचं खातं) जोडलेला दिसतो तो याच आधारावर, कारण पॉझिक्सअकाउंट ऑग्झिलरी आहे. तो जोडल्याबरोबर यूआयडी, यूआयडीनंबर, जीआयडीनंबर आणि होमडिरेक्टरी अनिवार्य होतात. वरच्या फंक्शनला दोन्ही नावं एकत्र दिली की ही बेरीज आपोआप मिळते. उलट इनेटऑर्गपर्सन आणि ग्रुपऑफनेम्स हे दोन्ही स्ट्रक्चरल आहेत आणि एक दुसऱ्याच्या वंशातला नाही. दोन्ही एका एंट्रीत घातले तर पुन्हा ६५.

आता पॉझिक्सग्रुप बघा. १९९८च्या आरएफसी २३०७मध्ये तो स्ट्रक्चरल आहे. त्यानंतरच्या, २३०७बिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मसुद्यात तो ऑग्झिलरी केला गेला. दोन्ही प्रकारचे सर्व्हर आजही चालू आहेत. एकावर ग्रुपऑफनेम्स आणि पॉझिक्सग्रुप एका एंट्रीत सुखाने नांदतात, दुसऱ्यावर तीच एंट्री नाकारली जाते. नाव तेच, ओआयडी तोच, वागणं वेगळं. कागदपत्रात काय लिहिलंय यापेक्षा समोरचा सर्व्हर काय सांगतो ते महत्त्वाचं, ते यासाठी.

पायरी ५: अ‍ॅट्रिब्यूटची चौकशी

अ‍ॅट्रिब्यूट_टाइप्समधून सीएन काढा आणि सिंटॅक्स छापा. अनेक सर्व्हरांवर तो रिकामा असतो, कारण सीएनच्या वर नेम नावाचं अ‍ॅट्रिब्यूट आहे आणि सिंटॅक्स व तुलनेचे नियम तिथे लिहिलेले आहेत. म्हणजे इथेही चढायचं. फरक एवढाच की क्लासच्या बाबतीत वरचं सगळं गोळा करायचं असतं, अ‍ॅट्रिब्यूटच्या बाबतीत प्रत्येक गुणासाठी पहिला सापडेल तो घेऊन थांबायचं. सिंटॅक्स, इक्वॅलिटी, ऑर्डरिंग आणि सबस्ट्रिंग या चारही गुणांसाठी वेगवेगळं चढा. एक गुण खाली आणि दुसरा वर लिहिलेला असू शकतो.

बहुतेक सिंटॅक्सचे ओआयडी एकाच लांब क्रमांकाने सुरू होतात: १.३.६.१.४.१.१४६६.११५.१२१.१ आणि पुढे एक आकडा. तो शेवटचा आकडा ओळखीचा झाला की पुरे. १५ म्हणजे डिरेक्टरी स्ट्रिंग, यूटीएफ-८ मजकूर. २६ म्हणजे आयए५ स्ट्रिंग, केवळ अ‍ॅस्की अक्षरं. २७ पूर्णांक, १२ दुसऱ्या एंट्रीचं नाव, ५० टेलिफोन नंबर. १५ आणि २६ मधला फरक आपल्याला विशेष जाणवतो: देवनागरीतलं नाव सीएनमध्ये बिनबोभाट बसतं, पण पॉझिक्सअकाउंटच्या गेकॉसमध्ये घातलं तर क्रमांक २१, इनव्हॅलिड अ‍ॅट्रिब्यूट सिंटॅक्स. होमडिरेक्टरीचंही तसंच. माहिती भरण्याआधी सिंटॅक्स २६ असलेल्या अ‍ॅट्रिब्यूट्सची यादी काढून ठेवली तर असं काही आयत्या वेळी उगवत नाही.

सिंटॅक्सच्या मागे कधी महिरपी कंसात एक आकडा असतो, मेलच्या व्याख्येत २५६ आहे. ती कमाल लांबी नव्हे. सर्व्हरने निदान एवढी लांबी तरी चालवून घ्यावी, अशी ती सूचना आहे. एलडॅप३मध्ये हे फील्ड मिन_लेंग्थ या नावाने येतं. मजकूर कापायला हा आकडा वापरू नका.

सिंगल_व्हॅल्यू हे आणखी एक फील्ड दर वेळी बघावं असं. डिस्प्लेनेम आणि एम्प्लॉयीनंबर एकच व्हॅल्यू घेतात, मेल आणि सीएन कितीही. स्प्रेडशीटमधून आलेल्या माहितीत दोन डिस्प्लेनेम असतील तर निवड तुम्हालाच करावी लागेल. आणि नो_यूजर_मॉडिफिकेशन खरं असेल तर ते अ‍ॅट्रिब्यूट सर्व्हर स्वतः भरतो. एका सर्व्हरची एंट्री दुसऱ्यावर नेताना अशी अ‍ॅट्रिब्यूट्स आधी वगळा.

पायरी ६: शोध रिकामा का येतो

स्कीमा वाचण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथे वाटतो, कारण इथे चूक झाली तर सर्व्हर काही बोलतच नाही. एलडॅपमध्ये फिल्टरची प्रत्येक अट खरी, खोटी किंवा अनिश्चित ठरते. सर्व्हरला अ‍ॅट्रिब्यूटचं नाव ओळखता आलं नाही किंवा त्या तुलनेसाठी मॅचिंग रूलच नसेल, तर अट अनिश्चित होते आणि ती एंट्री निकालात येत नाही. चूक नाही, इशारा नाही. शून्य नोंदी, आणि शोध यशस्वी झाल्याचा निरोप.

ग्रुपमधले सदस्य शोधताना मेंबर या अ‍ॅट्रिब्यूटवर तारांकन लावून नावाचा तुकडा शोधायचा मोह होतो. मेंबरचे नियम डिस्टिंग्विश्डनेम या वरच्या अ‍ॅट्रिब्यूटवरून येतात आणि तिथे फक्त इक्वॅलिटी आहे, सबस्ट्रिंग नाही. तुकड्यावरचा शोध रिकामाच परतणार. पूर्ण नाव द्यायला हवं. दुसरं उदाहरण यूआयडीनंबर. आरएफसी २३०७च्या मूळ व्याख्येत त्याला ऑर्डरिंग नियम दिलेलाच नाही. अशा सर्व्हरवर १०००पेक्षा मोठे सगळे नंबर आणा असं म्हटलं तर काहीच मिळत नाही, भले आत शेकडो नोंदी असोत. नंबर आणून घेऊन तुलना पायथनमध्येच करावी लागते.

म्हणून एक छोटं फंक्शन लिहून ठेवा: अ‍ॅट्रिब्यूट आणि तुलनेचा प्रकार द्यायचा, आणि त्याने पायरी ५प्रमाणे वर चढून तो नियम आहे की नाही एवढं सांगायचं. फिल्टर पाठवण्याआधी ते चालवा. नावात टायपिंगची चूक असेल तर तीही इथेच सापडते. एलडॅप३मध्ये कनेक्शनचा चेक_नेम्स हा पर्याय मुळातच चालू असतो आणि तो अनोळखी नावं अडवतो. तो बंद करू नका. मॅचिंग रूल आहे की नाही, ते मात्र तुमचं तुम्हालाच बघायचं आहे.

पायरी ७: भरण्याआधी तपासणी

आता सगळे तुकडे जोडता येतात. एक एंट्री डिक्शनरीच्या रूपात घ्या आणि तिचे ऑब्जेक्टक्लास पायरी ३च्या फंक्शनला द्या. मग तीन प्रश्न. अनिवार्यपैकी काही राहिलं का? एंट्रीत असं काही आहे का जे अनिवार्यात नाही आणि ऐच्छिकातही नाही? एकाच व्हॅल्यूच्या अ‍ॅट्रिब्यूटला जास्त व्हॅल्यू दिल्या आहेत का?

तुलना नावांवर करू नका, ओआयडीवर करा. क्लासमध्ये एसएन लिहिलेलं असतं, तुमच्या फाइलमध्ये सरनेम. नावं जुळवत बसलात तर एसएन राहिलं असा खोटा निकाल येईल. सुरुवातीलाच सगळ्या अ‍ॅट्रिब्यूट्सवरून एकदा फिरून प्रत्येक नावासमोर, लहान अक्षरांत, त्याचा ओआयडी अशी डिक्शनरी बनवा. नावाच्या मागे अर्धविराम देऊन जोडलेले पर्यायही असतात, जसं की सीएन;लँग-एमआर. शोधण्याआधी अर्धविरामापासून पुढचं काढून टाका. एंट्रीत एक्स्टेन्सिबलऑब्जेक्ट हा ऑग्झिलरी क्लास असेल तर दुसरा प्रश्न गैरलागू होतो, तो जवळपास कोणतंही अ‍ॅट्रिब्यूट चालवून घेतो.

पायरी ८: फाइलमध्ये ठेवा, ताडून बघा

सर्व्हर.स्कीमाचं टू_फाइल हे फंक्शन जेसन फाइल बनवतं आणि स्कीमाइन्फोचं फ्रॉम_फाइल ती परत वाचतं. सर्व्हर हाताशी नसताना तपासणी चालवायला हे फार उपयोगी आहे. ठेवलेली प्रत शिळी झाली का ते कळायला सबस्कीमा एंट्रीचं मॉडिफायटाइमस्टँप मागवा. आरएफसी ४५१२ने ते याच कामासाठी सुचवलेलं आहे.

दोन सर्व्हर ताडून बघताना फाइल्सचा मजकूर जसाच्या तसा जुळवू नका, क्रम वेगळा असतो. ओआयडीवरून जोड्या लावा आणि प्रत्येक जोडीत काइंड, सुपीरियर, मस्ट, मे, सिंटॅक्स आणि सिंगल_व्हॅल्यू तपासा, याद्यांचे संच करून. पॉझिक्सग्रुपसारखे फरक असे क्षणात वर येतात. माहिती एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायची असेल तर मी सगळ्यात आधी हेच करायला सांगेन.

सर्व्हरागणिक काय वेगळं

ओपनएलडॅपच्या डॉट-स्कीमा फाइल्स एलडिफ (एलडॅपची माहिती लिहायचा ठरलेला मजकुरी साचा) नसतात, त्यात संक्षेपही असू शकतात. त्या लायब्ररीला थेट देऊ नका. सर्व्हरची स्वतःची मांडणी ठेवणाऱ्या सीएन=कॉन्फिगखालच्या व्याख्यांआधी महिरपी कंसात अनुक्रमांक असतो, तिथून वाचत असाल तर तो आधी काढा. त्यापेक्षा सीएन=सबस्कीमा वाचणं सोपं, तिथे व्याख्या स्वच्छ मिळतात.

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत क्लासला कायमचे जोडलेले ऑग्झिलरी क्लास असतात आणि त्यांच्याकडून आलेली अ‍ॅट्रिब्यूट्स ऑब्जेक्टक्लासेसमध्ये नव्हे, तर डीआयटी कंटेंट रूलमध्ये दिसतात. तिथे पायरी ३च्या फंक्शनला आणखी एक काम द्या: स्ट्रक्चरल क्लासच्या ओआयडीवरून स्कीमाच्या डीआयटी_कंटेंट_रूल्समध्ये नियम शोधायचा, आणि सापडला तर त्यातलं मस्ट आणि मे त्याच दोन संचांत मिसळायचं.